नरवडे मॅडमचा एकुलता शंख

आमच्या महाविद्यालयाच्या इतिहासात डॉ. कावेरी नरवडे यांचे स्थान अढळ आहे, असे त्यांच्या निरोप समारंभात वक्त्यांनी एकापाठोपाठ एक सांगितले. मी इतिहास शिकवतो, त्यामुळे इतिहासातल्या अढळ स्थानांबद्दल मला संशय असतो; पण हे विधान मान्य करण्यावाचून गत्यंतर नव्हते. भूशास्त्र विभागात मॅडमच्या खुर्चीमागे एक लोखंडी कपाट होते आणि ते दगडांनी भरलेले होते. रंगकामाच्या वेळी ते हलवायला कॉलेजातले सगळे शिपाई लावले, तरी ते जागचे हलले नाही. शेवटी रंगाऱ्याने कपाटाच्या कडेकडेने रंग दिला. कपाट हलत नव्हते म्हणून टेबल हलत नव्हते, आणि टेबल हलत नव्हते म्हणून मॅडम.

कपाटात नॉटिलॉइड होते. गोल वेटोळ्याच्या शंखात राहणारे हे समुद्री प्राणी, ऑक्टोपसचे लांबचे नातेवाईक. मॅडमकडचे सगळे ट्रायासिक काळातले, म्हणजे वीस-पंचवीस कोटी वर्षांपूर्वीचे, आणि अर्थातच दगड झालेले. संशोधन करत असताना त्यांनी ते हिमालयातल्या स्पितीच्या डोंगरांतून पाठीवर वाहून आणले होते. आमचे छत्रपती संभाजीनगर ज्या काळ्या पाषाणावर उभे आहे, तो लाव्हा थंड होऊन झालेला आणि वयाने या शंखांपेक्षा कितीतरी लहान. त्यात लेणी कोरता येतात, बोअर घेता येते. समुद्री शंख मिळत नाहीत. मग शंखांचा अभ्यास करायला हे शहर का निवडले, असे मी त्यांना पहिल्याच भेटीत विचारले.

"इथं मला टोकणारं कोणी नाय," त्या म्हणाल्या. "तुम्ही काय शिकवता?"

"इतिहास. बहामनी आणि नंतरचा दख्खन."

"म्हंजे अलीकडचं," असे म्हणून त्यांनी माझ्यापुढे चहा सरकवला. त्या दिवसापासून मी त्यांचा 'इतिहासवाले' झालो.

मॅडम पाचोडच्या. घरची मोसंबीची बाग. मुलगी दगडांचे शिकते आहे म्हटल्यावर वडिलांना वाटले, विहिरीला जागा दाखवील. भावकीतलेही तेच समजून बसले होते. सुट्टीत गावी गेल्या की कोणीतरी त्यांना शेतात घेऊन जाई आणि अपेक्षेने जमिनीकडे बोट दाखवी. मॅडम सांगत, "मला ट्रायासिकचा समुद्र कुठं होता ते पक्कं माहितेय. पण त्याचा तळ आता हिमालयावर जाऊन बसलाय. तुमच्या मोटारीला तेवढी लांब पाइपलाइन झेपायची नाय."

त्यांना विषय समजावायला फळा लागत नसे. स्टाफरूममध्ये एकदा त्यांनी मला पाच मिनिटांत नॉटिलॉइड शिकवला. शंखाच्या आत कप्पे असतात. प्राणी वाढतो तसा पुढचा, मोठा कप्पा बांधतो आणि त्यात राहायला जातो. मागचे कप्पे सोडून देतो. "पण सोडले म्हंजे तोडले नाय," त्या म्हणाल्या. "एक बारीक नळी सगळ्या कप्प्यांतून मागं पार पहिल्या खोलीपर्यंत जाते. तिच्यातनं पाणी काढायचं, हवा भरायची. त्याच्यावर हे तरंगायलंय. ही नळी मधोमध किंवा मधल्या भागात असली तर नॉटिलॉइड. बाहेरच्या कडेला चिकटली असली तर ॲमोनाइट. दिसायला दोघं सख्खे भाऊ वाटतील. तुम्ही नळी बघायची."

जुन्या भिक्षुकी घराण्यातले एक गृहस्थ एकदा देवघरातला शाळिग्राम घेऊन आले होते. दोन शकलांत उघडणारा, आत चक्र असलेला. मॅडमनी हात धुतले, पदराला पुसले, मग तो घेतला. भिंगातून बघून आदराने परत दिला आणि म्हणाल्या, "लई सुंदर आहे. नळी कडेला आहे, म्हंजे ॲमोनाइट. पूजा चालू ठेवा, त्याला फरक पडत नाय." गृहस्थ समाधानाने गेले. देवाची कागदपत्रे तपासून मिळाल्यासारखा त्यांचा चेहरा होता.

'नळी कुठंय?' हा मॅडमचा प्रश्न मग दगडांपुरता राहिला नाही. नोकरीच्या मुलाखतीला आलेला उमेदवार अर्धा तास बोलला की त्या समितीतल्या बाकीच्यांकडे वळून विचारत, "नळी कुठं दिसली का तुम्हाला?" प्राचार्यांनी नव्या ग्रंथालयाचा आराखडा दाखवला. त्यात कारंजे होते, पुतळा होता, दर्शनी कमान होती. मॅडमनी सगळी पाने उलटून पाहिली. "कप्पे छान केलेत सर. नळी कुठंय? पुस्तकं कुठून आत जाणार?" प्राचार्य हसले. ते हसत, कारण त्याच्या पलीकडे काय करायचे ते त्यांना सुचत नसे.

सहकाऱ्यांची वर्गवारीही त्यांनी शंखांवरून करून टाकली होती. प्राचार्य म्हणजे जर्मानोनॉटिलस: बसका, रुंद, बाहेरची कड चपटी, अंगावर काही नक्षी नाही. मी ग्रायपोसेरास. का, असे विचारल्यावर म्हणाल्या, "दोन्ही बाजूंनी दाबलेला असतो." त्या वेळी मी विभागप्रमुख होतो, त्यामुळे वाद घातला नाही. आणि संस्थेचे अध्यक्ष होते प्लूरोनॉटिलस. या शंखाच्या दोन्ही अंगांना ठळक बरगड्या असतात, करंजीला मुरड घालावी तशा; लांबून पाहिले तरी डोळ्यांत भरतो. "बाहेरनं लई काम केलेलं," मॅडम सांगत. "आत तेच कप्पे, तीच नळी."

अध्यक्षांचे वडील दादासाहेब यांनी ही संस्था काढली होती. वसतिगृह, उपाहारगृह, व्यायामशाळा आणि पाण्याची टाकी यांना त्यांचे नाव देऊन झाले होते. कॉलेजच्या आवारात नाव द्यायला आता काही उरले नव्हते. अशा वेळी अध्यक्षांच्या कानावर आले, की नवा प्राणी शोधणाऱ्याला त्याचे नाव ठेवता येते, आणि नरवडे मॅडमच्या कपाटात असा एक नवा प्राणी आहे.

तो खरोखर होता. निदान मॅडमची तशी खात्री होती. मोसंबीएवढा एक शंख, गुळगुळीत, बेंबी, म्हणजे वेटोळ्याच्या मधला खळगा, जवळजवळ मिटलेली. प्रत्येक कप्प्याची भिंत शंखाला आतून जिथे टेकते तिथे बाहेर एक रेघ दिसते. तिला मॅडम शिवण म्हणत. साध्या नॉटिलॉइडची शिवण सरळ किंवा किंचित वाकडी असते. ट्रायासिकमधल्या प्रोक्लायडोनॉटिलस आणि त्याच्या घराण्यात मात्र ती खोल लाटांची होते. मॅडमच्या शंखावर तशाच लाटा होत्या आणि एक लाट जास्त होती. ज्ञात असलेल्या एकाही प्रजातीत ती नव्हती. तरुणपणी स्पितीच्या एका घसरणीवर तो त्यांना मिळाला, तेव्हापासून तो कपाटाच्या वरच्या खणात कापसावर बसून होता.

नळी मात्र त्यांनी पाहिली नव्हती. ती बघायची तर शंख मधोमध कापावा लागतो, आणि एकुलता एक नमुना कापायचा नाही असा त्यांच्या विद्येतला संकेत. दुसरा मिळेल, मग बघू, असे म्हणता म्हणता निवृत्तीचे वर्ष आले. स्पितीला परत जाणे झाले नाही. पुढे गुडघ्यांनीच नकार दिला.

अध्यक्षांनी मॅडमना बोलावले, तेव्हा महाविद्यालयाच्या स्मरणिकेचा संपादक म्हणून मीही समोर बसलो होतो.

"नाव आपल्याला ठेवता येतं ना?" अध्यक्षांनी विचारले.

"येतं. आधी तो नवा हाय हे ठरलं पायजे."

"तुम्ही तर म्हणता नवा आहे."

"मी म्हणतेय साहेब. शंख अजून काय बोलला नाय."

अध्यक्षांनी कागदावर लिहिलेले नाव वाचून दाखवले: "दादासाहेबोनॉटिलस. जरा लांब होतं का?"

"तोंडात बसेल," मॅडम म्हणाल्या. "शंखात बसतंय का बघू."

अध्यक्षांनी मग व्यवहार सांगितला. प्रजाती नवी असेल, तर तळमजल्यावरचे मोठे दालन मॅडमच्या संग्रहाला मिळेल. काचेची कपाटे, दिवे, मंत्र्यांच्या हस्ते उद्घाटन. नसेल, तर नुसत्या दगडांना दालन देता येणार नाही. ती खोली परीक्षा विभाग केव्हापासून मागतो आहे. याचा अर्थ आम्हां दोघांनाही कळला. मॅडम निवृत्त झाल्या की नवे प्रमुख कपाट रिकामे करणार, दगड पोत्यांत भरले जाणार आणि पोती जिन्याखाली. आधीच्या एका प्राध्यापकांचा खनिजसंग्रह तिथेच होता. त्याच्या पोत्यांवर झाडूवाल्या बाई डबा खायला बसत.

बाहेर आल्यावर मी म्हणालो, "मॅडम, न कापता शोधनिबंध लिहून टाका. शिवण तर दिसतेच आहे. नाव मिळेल, दालन मिळेल. इथे कोण विचारणार आहे?"

"इथं कोणी नाय विचारणार. पण माझ्यामागं कुठंतरी, कोणीतरी कापील. त्यापेक्षा मी जिती असताना मीच कापलेला बरा."

"आणि नळी कडेला निघाली तर?"

"निघायची नाय," त्या म्हणाल्या. इतक्या ठामपणे, की मला त्यांच्यापेक्षा शंखाची काळजी वाटली.

कापण्याआधी एक उपाय करून झाला. मॅडमचा एक जुना विद्यार्थी भूशास्त्र सोडून डॉक्टर झाला होता. त्याने शंखाचा सीटी स्कॅन करून दिला. आम्ही रांगेत बसलो होतो. शेजारच्या बाईंनी मॅडमच्या मांडीवरच्या डब्यात डोकावून, "किडनीतला निघाला का हो?" असे हलक्या आवाजात विचारले. मॅडम म्हणाल्या, "स्पितीतला." बाईंनी हे दुखणे कधी ऐकले नसावे, त्यांनी सहानुभूतीने मान हलवली. वयाच्या रकान्यात तीनच आकडे मावत होते, म्हणून तो मोकळा सोडला. चित्रात सगळे एकसारखे करडे आले. आतली पोकळी दगडाने भरून गेली होती आणि यंत्राला दगडातला दगड वेगळा दिसला नाही.

कॉलेजातले दगड कापायचे यंत्र दुरुस्तीच्या वाटेवर होते आणि ती वाट लांबची होती. म्हणून मॅडम मला घेऊन किचनच्या ओट्यांचा ग्रॅनाइट कापणाऱ्या सलीमभाईंकडे गेल्या. त्यांच्याकडे टाइल्ससाठीचे पातळ पाते होते. सलीमभाईंनी शंख हातात घेऊन फिरवला.

"मॅडम, ये तो अच्छा खासा पीस है. कायको काट रै?"

"आत बघायचंय."

"एक बार कटा तो जुड़ता नै. पैलेच बोल देता हूं."

"माहितेय. ह्या रेघेवर घ्या. तिरकं जाऊ द्यायचं नाय." त्यांनी घरूनच पेन्सिलने रेघ मारून आणली होती.

पात्यावर पाणी सुटले आणि आवाज सुरू झाला. मॅडम यंत्राला खेटून उभ्या होत्या. साडीवर राखाडी चिखल उडत होता, त्याकडे त्यांचे लक्ष नव्हते. मी रस्त्याकडे बघत होतो. एकुलत्या एका वस्तूचे दोन तुकडे होताना बघवत नाही, मग ती आपली नसली तरी. आवाज थांबला. सलीमभाईंनी दोन्ही अर्धे पाण्याखाली धरून मॅडमच्या हातात दिले.

आतून तो फार देखणा होता. पांढऱ्या स्फटिकांनी भरलेले कप्पे, एकाहून एक लहान होत मध्यापर्यंत वळत गेलेले. मॅडमनी भिंग लावले. एका अर्ध्यावर बराच वेळ, मग दुसऱ्यावर. दुसरा पहिल्याचे प्रतिबिंब होता, त्यात वेगळे काही दिसणार नव्हते. तरी त्यांनी तो पाहिला. शेवटी मीच विचारले, "नळी कुठंय?"

त्यांनी करंगळीच्या नखाने दाखवली. बाहेरच्या कडेला, अगदी चिकटून, पहिल्या वेटोळ्यापासून शेवटपर्यंत.

"ॲमोनाइट," त्या म्हणाल्या. मग वर्गात सांगावे तसे, "ॲमोनाइटच्या शिवणीला बारीक दाते असतात, ह्याच्याही असणार. घासून गेले. नुसत्या लाटा उरल्या. त्या उरलेल्या लाटा मी इतकी वर्षं वाचत बसले."

"कुछ नुकसान हुआ क्या मॅडम?" सलीमभाईंनी विचारले.

"नाय भाऊ. कटिंग एकदम सरळ आलंय."

"पॉलिश मार दूं? चमकेगा."

"मारा," त्या म्हणाल्या. "पॉलिशनं नळी साफ दिसेल."

परतताना रिक्षात दोन्ही अर्धे रुमालात गुंडाळून त्यांच्या मांडीवर होते. सिग्नलला रिक्षा थांबली तेव्हा त्या म्हणाल्या, "जगातली एक चूक कमी झाली. माझीच होती ते बरं. दुसऱ्याची असती, तर त्याला पटवण्यात दोन वर्षं गेली असती." आवाज नेहमीचाच होता. मात्र त्या दिवशी त्यांनी स्टाफरूममध्ये चहा घेतला नाही. मी त्यांना ओळखू लागल्यापासून असे कधी झाले नव्हते.

दुसऱ्या दिवशी त्या अध्यक्षांपुढे गेल्या आणि दोन्ही अर्धे टेबलावर ठेवून एका वाक्यात निकाल सांगितला. मी दालनाला मनातल्या मनात निरोप देऊन टाकला होता. अध्यक्षांनी दोन्ही अर्धे उलटून पाहिले.

"ॲमोनाइटला दादासाहेबांचं नाव देता येत नाही का?"

"त्याचं आधीच कोणीतरी ठेवलं असणार साहेब. बघून सांगते. पण आपलं नाय."

"चिकटवून ठेवता येईल?"

"चिकटवला तर नळी दिसायची नाय."

अध्यक्षांनी उसासा टाकला. मग म्हणाले, "मंत्र्यांची तारीख मिळालीये हो. पुन्हा कुठली मिळायची? दालन होऊ द्या. दारावर दादासाहेबांचं नाव घालू."

असा तो प्रश्न सुटला. मॅडमच्या संग्रहाला जागा मिळाली ती विज्ञानामुळे नव्हे, तारखेमुळे. बाहेर आल्यावर मी हे त्यांना बोलून दाखवले. "मिळाली ना?" त्या म्हणाल्या. "स्पितीत हे शंख सापडले तेही डोंगर घसरला म्हणून. डोंगराचा हेतू कोण विचारतंय."

उद्घाटनाला मांडव होता, सनई होती. स्मरणिकेत मी ट्रायासिकच्या अखेरीची हकिगत लिहिली होती: बरगड्यांचे, गाठींचे, लाटांच्या शिवणीचे सगळे नॉटिलॉइड तेव्हा नाहीसे झाले, आणि गुळगुळीत, साध्या शिवणीची जवळपास एकच शाखा पुढे गेली. अध्यक्षांनी गळ्यातला हार सावरत त्यावरून साधेपणाचा संदेश दिला. "साधेपणाच टिकतो," ते म्हणाले, आणि टाळ्या पडल्या. मॅडम माझ्या कानाशी वाकल्या. "साधे होते म्हणून वाचले असं कोणी सिद्ध केलेलं नाय. जे वाचले ते साधे निघाले. ह्यात फरक असतो, तुम्ही लिहायला पायजे होतं."

"लिहिलं होतं. अध्यक्षांनी ते वाक्य गाळलं."

"मग ठीक," त्या म्हणाल्या.

मंत्र्यांनी फीत कापली. एकेक कपाट पाहत ते मधल्या काचेपाशी आले. तिथे दोन्ही अर्धे शेजारी शेजारी ठेवलेले होते, पॉलिश केलेले. मंत्र्यांनी चौकशी केली, "हा फुटला कसा?"

"फार पुरातन आहे साहेब," अध्यक्ष म्हणाले.

"फुटला नाय," मॅडम मागून म्हणाल्या. "मी कापला. बाजूला पाटी आहे." मंत्र्यांनी मान डोलावली आणि ते पुढच्या कपाटाकडे, म्हणजे अल्पोपाहाराकडे, गेले.

पाटी मॅडमनी स्वतः लिहिली होती. तिच्यावर होते: 'ॲमोनाइट. ट्रायासिक काळ. स्पिती. हा पुष्कळ वर्षे नॉटिलॉइडची नवी प्रजाती समजला गेला. समजणारी व्यक्ती: कावेरी नरवडे. न कापता समजला, ही चूक. कापल्यावर नळी कडेला निघाली.'

त्याच वर्षी त्या निवृत्त होऊन पाचोडला गेल्या. बागेत बसून विद्यार्थ्यांच्या प्रबंधांवर फोनवरून शेरे देत. पलीकडचा बोलून थकला की ठरलेला प्रश्न येई. गेल्या उन्हाळ्यात त्या गेल्या.

शोकसभेत अध्यक्षांनी सांगितले, की डॉ. नरवडे यांनी नॉटिलॉइडची एक नवी प्रजाती शोधून संस्थेचे नाव जगभर नेले. मी उभा राहून दुरुस्ती केली. त्यांनी प्रजाती शोधली नव्हती, रद्द केली होती. आणि तीही स्वतःची, तीही कोणी सांगितलेले नसताना, दालन पणाला लागलेले असताना. माझ्या विषयात पुष्कळ मोठी माणसे आहेत, पण आपलाच एकुलता शोध ओट्याच्या दुकानात नेऊन कापून आणणारे त्यांत कोणी आढळले नाही. मग सगळे दोन मिनिटे उभे राहिले.

पाटी अजून दालनात आहे. आपल्या चुकीखाली स्वतःचे पूर्ण नाव लिहिलेली अशी पाटी या शहरात दुसरी नसावी, आणि प्रत्येक प्राध्यापकाने रुजू होण्याआधी ती एकदा वाचावी असे माझे मत आहे. दारावरच्या दादासाहेबांच्या अक्षरांना मागून दिवे आहेत. मधल्या कपाटातली ट्यूब गेलेली आहे, त्यामुळे पाटी वाचायची तर मोबाइलचा टॉर्च लावावा लागतो.